तीन ठिपक्यांचा दिवस

खोलीत एक किरणोपचाराचं यंत्र, एक कडक सपाट टेबल, भिंतींतून आणि छतातून येणाऱ्या तीन हिरव्या लेझर रेषा, दोन कॅमेरे, एक माइक आणि हात डोक्यामागे घेऊन झोपलेल्या आमच्या रुग्ण, पोहायला शिकवणाऱ्या स्विमिंगबाई. बाईंच्या अंगावर गोंदलेले तीन ठिपके: एक छातीच्या मधोमध, एक डाव्या कुशीला, एक उजव्या. प्रत्येकी साधारण एक मिलिमीटरचा, निळसर काळा. सगळं जागच्या जागी होतं. तरीही एक्स-रेमध्ये बाई नऊ मिलिमीटर चुकत होत्या.

"नऊ म्हणजे फार का गं?" बाईंनी आढ्याकडे बघत विचारलं.

"पाचच्या आत हवेत, बाई."

"शाळेत मला दहापैकी पाचच्या वर कधी मिळाले नाहीत. आयुष्यात एकदा नऊ मिळाले, तर तुम्हाला नकोत."

मी पदार्थविज्ञान शिकून या विभागात लागले त्याला फार दिवस झालेले नाहीत. इथले मुख्य टेक्निशियन, आम्ही त्यांना सर म्हणतो, मला 'शास्त्रज्ञ' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असा माझा सुरुवातीला समज होता.

एखादा दिवस पुन्हा जगायला मिळाला तर कोणता निवडशील, हा प्रश्न गप्पांत कधी ना कधी निघतोच. कोणी लग्नाचा दिवस सांगतं, कोणी निकालाचा. मी एकदा नीट विचार करून नववीतली एक दुपार सांगितली होती. त्या दुपारी मी खिडकीत बसून भिंगातून मुंग्या पाहिल्या, बाकी काही घडलं नाही. मैत्रिणी अजून हसतात. आमच्या विभागात मात्र निवडीचा प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी रुग्णाचा स्कॅन होतो, किरण कुठून आणि किती सोडायचे याचं गणित त्यावर मांडतात, आणि खूण म्हणून सुईने तीन ठिपके गोंदतात. पुढे रुग्णाने रोज येऊन तोच दिवस पुन्हा जगायचा. तसंच झोपायचं, तसाच श्वास घ्यायचा. लेझर ठिपक्यांवर आणि एक्स-रे स्कॅनशी जुळला, की तो दिवस परत आला असं आम्ही धरतो.

गोंदताना बाईंनी सुईपेक्षा नातीची धास्ती घेतली होती, असं सरांनी मला सांगितलं. "तिने टॅटूचं नाव काढलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आता तिला काय तोंड दाखवू? बरं, काढलं ते काढलं, फुलपाखरू तरी काढायचं! नुसते ठिपके!"

काल दोनदा जमलं नव्हतं. आज उशी बदलली, पाठीखाली पाचर घालून पाहिली, हातांचे टेकू सरकवले. आकडा आठ झाला आणि पुन्हा नऊवर गेला.

"आता एकदाच बघू," सर म्हणाले. "नाही जमलं तर नवा स्कॅन, नवं गणित, नवे ठिपके. आठवडा जाईल."

आठवडा परवडणारा नव्हता. ऑपरेशनची जखम भरायला आधीच उशीर झाला होता, आणि आता अजिबात थांबू नका असं डॉक्टरांनी कालच बजावलं होतं. बाईंनाही ते ठाऊक होतं.

"आणखी ठिपके? मी माणूस आहे की फासा?" त्या हसल्या. पण हातांचे टेकू सारखे करताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला, तो बर्फासारखा गार होता.

मी बाहेर येऊन पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. स्कॅनच्या दिवशी बाईंचे खांदे कानांकडे ओढलेले होते आणि पाठ कमानीसारखी ताठ. पाठीखालून माझा तळवा गेला असता. आज त्या टेबलावर ओतल्यासारख्या पसरल्या होत्या. मी परत आत गेले.

"बाई, त्या दिवशी तुम्हाला कुठे दुखत होतं का?"

"छे! राग आला होता. ताईचा. मी इथे चाचण्या देत फिरतेय, आणि हिने घरी माझं स्वयंपाकघर उपसून सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. वर प्रत्येकाला चिठ्ठी! हे मला कुठे सांगितलं, तर मी या टेबलावर झोपले असताना, दारातून. आणि तुमचे सर म्हणतात, बोलू नका, हलू नका. गिळला राग."

"मग आज?"

"आज कसला राग? महिनाभर माझी उस्तवार करतेय बिचारी. आणि तू आल्या आल्या म्हणतेस, अंग सैल सोडा. अगं, तीस वर्षं तलावाच्या काठावर उभी राहून मी पोरांना हेच ओरडत आले. मला म्हणायचा अवकाश, मी तरंगायलाच लागते."

मी बाहेर येऊन सरांकडे पाहिलं. अंग सैल सोडायची सूचना मी रोज प्रत्येक रुग्णाला देते. स्कॅनच्या दिवशी माझी सुट्टी होती.

"बोला, शास्त्रज्ञ," सर म्हणाले. "निष्कर्ष?"

"चिडलेल्या बाईंचं गणित मांडलंय, आणि आपण शांत बाईंवर किरण सोडायला बघतोय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पाचर घालून पाठ उचलेल, खांदे कोण उचलणार? आणा त्यांच्या ताईंना."

ताई बाहेर बाकावर थर्मास मांडीवर धरून बसल्या होत्या. मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठाम नकार दिला.

"आजारी माणसाशी भांडू? शोभतं का?"

"भांडायचं नाही, फक्त बोलायचं. त्यांना उलट बोलता येणार नाही. हलायची मनाई आहे."

ताई थर्मास बाजूला ठेवून उठल्या. "उलट बोलता येणार नाही? नक्की ना?"

जाड दार बंद झालं. बाहेरच्या टेबलाशी मी त्यांना माइकचं बटण दाखवलं. कॅमेऱ्यात बाई दिसत होत्या, निवांत, पाण्यावर पडल्यासारख्या.

"धाकटे," ताई माइकच्या फार जवळ जाऊन म्हणाल्या, "ऐकू येतंय का? बोलू नकोस! तुझी ती शिट्टी शोधतेयस ना, लाल दोरीची? ती हरवली नाही. शेजारच्या पोराला देऊन टाकली मी. सकाळपासून वाजवतोय. त्याच्या कुत्र्यालाही आवडली म्हणे."

पडद्यावर आधी बाईंची हनुवटी वर आली. मग खांदे सरकले.

"आणि डबे मी परत तुझ्यासारखे लावले नाहीत. वरवर दाखवलं फक्त. मागची रांग अजून उंचीप्रमाणेच आहे."

पाठ उचलली गेली. डाव्या कुशीची हिरवी रेषा ठिपक्याच्या बाजूला होती, ती सावकाश त्याच्यावर येऊन थांबली.

"बास!" सर म्हणाले. मी माइक घेतला. "बाई, आहात तशाच राहा. श्वास नेहमीसारखा. मनात काय म्हणायचं ते म्हणा."

सरांनी एक्स-रेचं बटण दाबलं. चित्र जुळवायला संगणक थोडा वेळ घेतो. तेवढ्यात ताईंनी डोळे पुसायला पर्समधून रुमाल ओढला, आणि त्याच्याबरोबर लाल दोरीची शिट्टी टेबलावर पडली.

"देणार होते का मी कुणाला!" त्यांनी ती घाईने उचलली. "वेड लागलंय का? दवाखान्यात हिला घाबरायला झालं तर हातात द्यायची म्हणून जवळ ठेवलीय. सांगू नका तिला. अजून रोज यायचंय ना? उद्याचं मी काहीतरी आठवून ठेवते. पन्नास वर्षांचा माल आहे माझ्याकडे."

पडद्यावर आकडे आले. मी ते सरांना मोठ्याने वाचून दाखवले.

लांबीत दोन मिलिमीटर, रुंदीत एक, उंचीत शून्य.