डोंगर निळा की राखाडी

रेडिओ केंद्रावर रोज सकाळी हवामान सांगणाऱ्या निवेदिकेने बाहेर बघून हवामान असं कधी सांगितलंच नव्हतं. तशी गरजही पडली नव्हती. स्टुडिओ तळघरात. भिंतींना आवाज गिळणारं जाड अस्तर, दाराला दुहेरी काच आणि खिडकी औषधालाही नाही. हवामान खात्याकडून छापील कागद यायचा, तो ती वाचायची. आवाज स्वच्छ, उच्चार नेटके. घरातून निघायची ती उजाडायच्या आत, आणि दुपारी वर आली की बसमध्ये टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागायचा. गावाच्या एका अंगाला डोंगर आहे आणि दुसऱ्या अंगाला नदी, हे तिला ठाऊक होतं, पण शेजाऱ्याचं आडनाव ठाऊक असावं तितपतच.

एका सकाळी तिने नेहमीच्या आवाजात वाचलं, “आकाश निरभ्र राहील, वारे मंद वाहतील.” त्याच वेळी वर गावात लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. मोटारींच्या काचा तडकल्या, कौलं फुटली, बाजारातल्या माणसांनी डोक्यावर पाट्या उपड्या घातल्या. तळघरात टाचणी पडल्याचाही आवाज आला नाही. चहासाठी ती वर आली तेव्हा सगळं आवार पांढरं झालेलं होतं आणि दारावरचा रखवालदार तिच्याकडे न बघण्याची खटपट करत होता.

दुसऱ्या दिवसापासून ती गावाची निरभ्रताई झाली. बसचा कंडक्टर तिकीट देताना आभाळाकडे बघून घसा खाकरायचा. केंद्रप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं की चूक कागदाची होती, तिची नव्हे, तिने मनाला लावून घेऊ नये. तिनेही घेतलं नसतं. लोक काय, चार दिवस हसतात आणि पाचव्या दिवशी दुसरं कोणीतरी सापडतं.

पण घरी सासरे होते. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना आप्पा म्हणत. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, तो शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. सासूबाई गेल्यापासून घरात उरलेली ही दोन माणसं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. गॅस संपलाय, गोळ्या घेतल्या का, दूध आलं का, एवढ्यावर दिवस सरायचा.

गारांच्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा आप्पा गॅलरीत उभे होते. समोर कठड्यावर त्यांची कापसाची गादी भिजून चिंब लोंबत होती.

“तू निरभ्र म्हणालीस,” ते म्हणाले, “म्हणून आत घेतली नाही. पडतील तेवढ्या पडतील आणि थांबतील, असं वाटलं.”

रागावून म्हणाले असते तर तिने ते सोडून दिलं असतं. ते रागावले नव्हते. आप्पा रोज तिचं बातमीपत्र ऐकतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाहेर गारा दिसत असताना त्यांनी तिच्या शब्दावर गादी बाहेर ठेवली, ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. गादी पुढे आठवडाभर वाळत राहिली आणि तरी तिचा कुबट वास गेला नाही.

मग ती बातमीपत्राआधी केंद्राच्या गच्चीवर जाऊ लागली. पहिल्या दिवशी निव्वळ खात्री करायला. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, केबलची भेंडोळी आणि कबुतरांची घाण, बघण्यासारखं काही नाही. पण कठड्याशी गेल्यावर खाली नदी दिसली, किंवा खरं तर दिसली नाही. तिच्या जागी कोणी धुतलेला कापूस पसरून ठेवावा तसं धुकं होतं आणि पूल त्यात शिरून नाहीसा झाला होता. ती खाली आली, कागद वाचला आणि शेवटी एक वाक्य पदरचं घातलं, “आत्ता या घडीला नदीवर धुकं आहे आणि पूल अर्धाच दिसतोय.” काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने मान वर केली.

केंद्रप्रमुखांनी पुन्हा बोलावलं. ते म्हणाले, कागदावर नसलेलं बोलायची पद्धत नाही. तिने सांगितलं की कागद सगळ्या जिल्ह्यासाठी असतो, हे वाक्य फक्त या गावासाठी आहे, आणि ते चुकलं तर दोष कागदाला देता येणार नाही, तिलाच देता येईल. हे शेवटचं त्यांना पटलं असावं. “एकच वाक्य,” ते म्हणाले. “आणि कविता नको.”

त्या दुपारी जेवताना आप्पा म्हणाले, “पूल अर्धा नव्हता. पाऊण दिसत होता.”

तिने भाजी वाढता वाढता सांगितलं की केंद्राच्या गच्चीवरून अर्धाच दिसत होता. आप्पा म्हणाले, मग गच्चीचं काहीतरी चुकतंय. विषय तिथेच संपला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला.

पुढे तो रोजचाच झाला. पानगळ सुरू झाली तेव्हा नदीकाठची झाडं आधी पिवळी पडली की आधी विरळ झाली, यावर दोन दिवस गेले. थंडीत ऊन तिरपं यायला लागलं आणि समोरच्या इमारतीची सावली थेट त्यांच्या गॅलरीत कुठवर येते हे आप्पांनी खडूने रेघ मारून दाखवलं. पण खरा वाद डोंगराचा. ती एकदा रेडिओवर म्हणाली की आज डोंगर निळसर आहे. आप्पांनी घास हातात धरून सांगितलं की डोंगर राखाडी आहे, कायम राखाडीच असतो, माती आणि दगड निळे नसतात. ती म्हणाली, मातीचा रंग कोण सांगतंय, इथून दिसतो तो रंग सांगायचा. आप्पांचं म्हणणं असं की कोणी लांबून गाढवाला घोडा म्हटलं तर तेही रेडिओवर सांगायचं का.

एका शनिवारी नवरा आला, जेवायला बसला आणि थोड्या वेळाने बिचकत विचारता झाला, “तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?”

दोघांनी एकदमच नाही म्हटलं. मग आप्पांनी त्याला गॅलरीत नेऊन डोंगर दाखवला आणि रंग विचारला. त्याने जरा डोळे बारीक करून हिरवा सांगितला. त्याचं मत दोघांनीही मनावर घेतलं नाही.

थंडी ओसरत आली तशी आप्पांनी एके दिवशी गच्ची बघायचीच असं ठरवलं. गुडघे दुखत होते, पण तो विषय त्यांनी काढू दिला नाही. पहाटे दोघं पहिल्या बसने गेले. लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत होती, पुढे लोखंडी जिना. रखवालदाराने खुर्ची वर नेऊन दिली. आप्पा कठडा धरून उभे राहिले. उजाडलं, पण ढग इतके खाली उतरले होते की डोंगर नाही, पूल नाही, पलीकडचा रस्तासुद्धा नाही. टाक्यांतून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

मग आप्पा म्हणाले, “तुझी सासू निळाच म्हणायची.”

“डोंगर?”

“हो. निळा. रोज.”

“मग तुम्ही राखाडी का म्हणता?”

“तिलाही राखाडीच म्हणायचो,” आप्पा म्हणाले. “त्यावरून सकाळ जायची आमची.”

त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर सुटला होता, तो तिने नीट केला. बातमीपत्राची वेळ झाली होती.

“आज काय सांगणार तू?”

“डोंगर दिसत नाही, असं.”

“तसंच सांग,” आप्पा म्हणाले आणि खुर्चीत बसले. “खाली यायला मला वेळ लागेल. तू हो पुढे.”

तिने तळघरात जाऊन कागद वाचला आणि शेवटी सांगितलं की आज ढग गच्चीपर्यंत आले आहेत, डोंगर दिसत नाही. तंत्रज्ञाने आता मान वर करणं सोडलं होतं.

काम संपवून ती वर गेली तेव्हा आप्पा तिथेच होते. रखवालदाराने त्यांना चहा आणून दिला होता आणि ते त्याला गच्चीवरच्या कबुतरांबद्दल काहीतरी बजावत होते. दोघं सावकाश जिना उतरले. परतीच्या बसमध्ये तिने खिडकीची जागा आप्पांना दिली. शाळेच्या वळणावर रस्त्याला लागून एक झाड होतं, अंगभर तांबूस कोवळी पालवी फुटलेलं. आप्पांनी त्याचं नाव विचारलं. तिला माहीत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या बाईला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. बस पुढे गेली तरी आप्पा मान वळवून मागे बघत राहिले, आणि तीही वाकून त्यांच्या खांद्यावरून बघत होती.