ग्वेनोलचं बोट आणि देवळातला चिमटा

एलिस प्रोबर्ट बंदूक घेऊन अंगणात आला, तेव्हा तेग्वेन परातीत थंडगार पाणी घेऊन बसली होती आणि त्या पाण्यात ग्वेनोलचा पुढचा उजवा पाय होता.

एलिस हा तेग्वेनचा थोरला दीर. भाऊ गेल्यापासून वहिनीच्या मेंढ्यांची कातरणी असो, पडका बांध असो, तो न बोलावता यायचा. आणि आजही तो बिचारा भलं करायलाच आला होता. वेल्सच्या त्या डोंगरात रीतच तशी होती. पळायचं कुत्रं पळेनासं झालं की शेजारचा पुरुष बंदूक घेऊन येतो, मालकाला आत चहाला पाठवतो, आणि चहा निवायच्या आत सगळं आटोपतं. एलिसने स्वतःची कुत्री अशीच वाटेला लावली होती, आणि दर वेळी आठवडाभर घरात कुणाशी बोलला नव्हता.

ग्वेनोल म्हणजे त्यांच्या भाषेत पाकोळी, तो चपळ उडणारा पक्षी. उंच पायांची, करडी, पोट पाठीला लागलेली ही शिकारी कुत्री उतारावर सुटली की नाव सार्थ करायची. तेग्वेनच्या हंडीतला ससा तिचा, आणि वसंतात कोकरांच्या राखणीला कोल्ह्यामागे धावणारी तीच. त्या सकाळी सशामागे दगडी बांधावरून उडी घेताना तिचं बोट दोन दगडांच्या फटीत अडकलं. कुत्री पुढे गेली, बोट मागे राहिलं. चार बोटांतल्या मधल्या दोहोंपैकी आतलं बोट सांध्यातून निखळून शेजारच्या बोटावर आडवं चढलं होतं.

"तू आत जा, चहा टाक," एलिस म्हणाला.

"टाकते. दोघांचा टाकते. पण बंदूक फाटकाबाहेर ठेवून या."

एलिसने समजावलं. लंगडं कुत्रं दोघांचं खातं आणि एकाचंही काम करत नाही, त्याच्यावर दया म्हणजे हीच दया, वगैरे वगैरे. तो गावच्या ख्रिस्ती देवळातल्या पंचांचा म्होरक्या, त्यामुळे बोलणं घोळवून घोळवून यायचं. तेग्वेनने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "थंडी पडली की माझाही गुडघा धरतो, एलिस. माझ्यासाठी कुठल्या नळीत गोळी भरलीय?"

एलिसने चहा घेतला नाही.

जनावरांचा डॉक्टर इदवाल रीस दुपारी आला. तरुण होता, पण हात सावकाश चालायचा. त्याने ग्वेनोलला गुंगी दिली, बोट ओढून जागेवर बसवलं आणि खरं ते सांगितलं. बोट कापलं तर जखम लवकर भरेल, पण पळताना सगळा भार मधल्या दोन बोटांवर येतो. त्यातलं एक गेलं की कुत्री चालेल, वाऱ्यासारखी पळणार नाही. ठेवायचं असेल तर दीड महिना बांधून ठेवावं लागेल. त्याने बोटांच्या बेचक्यात कापूस घातला, निखळलेलं बोट शेजारच्या धडक्या बोटाला जोडून बांधलं, खालून चामड्याची पातळ पट्टी दिली आणि मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्या गुंडाळल्या. पट्टी भिजता कामा नये, रोज वास घ्यायचा, नखं सुजली तर लगेच सोडायचं.

"आणि एक," तो म्हणाला. "लंगडणं आधी थांबतं, सांधा मागाहून भरतो. लोक इथंच फसतात. ती धावायला मागेल, तुम्हालाही वाटेल सोडावं. तेव्हा सोडलीत, तर मला बोट कापायलाच बोलवा."

"तुम्हाला चहालाच बोलवीन," तेग्वेन म्हणाली.

तिसऱ्याच दिवशी ती गाईचं दूध काढायला गेली, आणि परत येते तो पट्टीच्या चिंध्या चुलीपुढे पसरलेल्या. नशीब, चामड्याची पट्टी दातांना दाद देत नव्हती. इदवालने पुन्हा बांधलं आणि सांगितलं की ही एकटी राहिली की चावणार. दुसऱ्यांदा असं झालं तर सांधा राहणार नाही. तेग्वेनने त्याच्यादेखत खुंटीवरचा दोर काढला, एक टोक ग्वेनोलच्या गळपट्ट्याला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या कमरेला.

झालं. तेव्हापासून तेग्वेन जिथे, कुत्री तिथे. दूध काढताना, ओटची भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना दोर मध्ये लोंबायचा. जमीन ओली असली की पायावर मेणकापडाची पिशवी चढायची. दुकानात लोक विचारायचे, कोण कोणाला फिरवतंय म्हणून. तेग्वेन सांगायची की शहाणी पुढे चालते, आणि दोघींत पुढे कोण आहे ते तुम्हीच बघा.

महिना होत आला तशी ग्वेनोल चारी पाय टेकून चालू लागली. नेमक्या त्याच दिवसांत कोल्ह्याने एलिसच्या शेतातली कोकरं उचलायला सुरुवात केली. एलिस आला. या वेळी बंदूक नव्हती, टोपी हातात होती. कुत्री लंगडत नाहीये हे त्याने लांबूनच पाहिलं होतं. त्याने एका सकाळीपुरती तिला मागितली.

तेग्वेनच्या जिवाला ते लागलं. कोकरांचं तिलाही दुःख होतं. पण तिने मान हलवली. "लंगडणं थांबलंय, बोट भरलं नाही. भरलं की न मागता देईन."

"म्हणजे माझ्या कोकरांपेक्षा तुझ्या कुत्रीचं बोट मोठं."

"बोट लहानच आहे, एलिस. म्हणून तर सांभाळावं लागतं."

तो टोपी घालून निघून गेला, आणि त्याच्या कपाळावरची आठी तशीच रविवारपर्यंत राहिली.

तो रविवार साधा नव्हता. वर्षातून एकदा देवळात बाहेरगावचा नामांकित उपदेशक यायचा आणि डोंगर उतरून माणसं लोटायची. तेग्वेन त्या दिवसासाठी वर्षभर जगायची म्हटलं तरी चालेल. त्या मुलखातला खरा उपदेशक नुसता बोलत नाही. आधी जमिनीवरून चालतो, समजावतो, कोपरखळ्या मारतो. मग केव्हातरी त्याचा स्वर उचलला जातो, शब्दांना चाल लागते आणि बोलणं गाणं होऊन जातं. लोक म्हणतात, शिडात वारा भरला. एकदा का वारा भरला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो आणि सहा दिवसांचा शीण सातव्या दिवशी कुठे जातो कळत नाही.

कुत्रीला घरी ठेवावं, तर बोट जाईल. आपण घरी राहावं, तर शीड जाईल. तेग्वेनने काळा झगा घातला, टोपी घातली, आणि कमरेला दोर बांधला.

देवळाच्या दारात एलिस उभा होता. "कुत्रं बाहेर."

"ही एकटी राहत नाही."

"मग तूही बाहेर. देवाच्या घरात कुत्रं येत नसतं, तेग्वेन. आजवर आलं नाही."

लोक थांबले. तेग्वेनने एलिसकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्यावरून आतल्या भिंतीकडे. तिथे एक जुना लाकडी चिमटा टांगलेला होता. पट्ट्यांवर पट्ट्या जोडलेला. मिटला की हातभर, आणि मुठी दाबल्या की पुरुषभर लांब जाऊन दात्यांनी पकडणारा. खालच्या पडक्या देवळातून आजोबांच्या पिढीने तो जपून आणला होता. दर मोठ्या सणाला एलिस स्वतःच त्याला तेल लावायचा.

"तो चिमटा कशाचा?" तिने विचारलं.

एलिसने वळून भिंतीकडे पाहिलं.

"पोरांनाही ठाऊक आहे. कुत्र्यांचा. कुत्री आत येतच नव्हती, तर आजोबांनी तो केला कशाला? पाळकांना ओढायला?"

मागे कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. एलिसचे कान लाल झाले.

"आणि तो भांडणाऱ्या कुत्र्याचा चिमटा आहे," तेग्वेन म्हणाली. "बसणाऱ्याचा नव्हे. ही भांडली तर खुशाल काढा. तोवर मी माझ्या बाकावर बसते." आणि ती आत गेली. दोर पुढे झाला, मागून ग्वेनोल मेणकापडाची पिशवी चटचट वाजवत गेली.

एलिसने चिमटा खुंटीवरून काढला. पंचांच्या पुढच्या मानाच्या बाकावर बसायचं सोडून तो शेवटच्या बाकामागे, दाराला टेकून उभा राहिला. दार अर्धवट उघडं राहिलं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याचे डोळे ग्वेनोलच्या मानेवर होते.

उपदेशक ठेंगणा, पांढऱ्या भुवयांचा होता. त्याने बायबलमधल्या नोहाचं, महापुरात जनावरं वाचवणारं तारू घेतलं. आधी लाकूड मोजलं, डांबर लावलं, शेजाऱ्यांची टिंगल सांगितली, लोक हसले. मग प्राणी यायला लागले आणि त्याचा आवाज चढला. सिंह आला, आणि दार उघडं होतं. मेंढा आला, आणि दार उघडं होतं. प्रत्येक जनावराला एकेक सूर वर जात होता, बाकांवरून लोक 'आमेन' म्हणून ठेका धरत होते. तेग्वेनचे डोळे मिटले. शीड भरलं होतं.

बाहेर भिंतीशी बांधलेल्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्याही शिडात वारा भरला असावा. आधी एकाने हेल काढला, मग सगळ्यांनी. आत ग्वेनोल तेवढी तेग्वेनच्या बुटावर हनुवटी ठेवून निवांत होती.

"कुत्रा आला," उपदेशक गात होता, "आणि दार—"

दार उघडं होतं. एलिसचा स्वतःचा कुत्रा, दोरी तोडून, त्याच्या पायांमधून आत घुसला आणि सरळ ग्वेनोलवर गेला.

ग्वेनोल ताडकन उठली. तेग्वेनला दिसलं ते फक्त बोट. सगळा भार त्या पायावर येणार होता. तिने कुत्रीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला उचलून छातीशी धरलं. चार लांब पाय हवेत, टोपी जमिनीवर, गुडघा ठणकतोय, पण पाय तिने टेकू दिला नाही. खाली तो कुत्रा दात रोवून झग्याला लोंबकळला.

"एलिस," ती म्हणाली, "आता वापरा."

एलिसने मुठी दाबल्या. चिमटा खडखडत लांब झाला, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या दात्यांत एक कुत्रा सापडला. आपल्याच कुत्र्याची मान धरून पंचांचा म्होरक्या उलट्या पावलांनी दाराबाहेर गेला. उपदेशकाने श्वास घेतला, सूर जिथे सोडला होता तिथूनच उचलला, आणि दार उघडंच राहिलं.

उपासना संपल्यावर एलिस पायरीवर बसलेला होता, चिमटा मांडीवर.

"पुढच्या रविवारी बाजूच्या दाराने ये," तो पुटपुटला.

"पुढच्याच दाराने येईन. चिमटा तिथेच टांगलेला असतो."

त्यानंतरच्या आठवड्यात इदवालने शेवटची पट्टी सोडली. सांधा जरा जाड झाला होता, पण बोट सरळ होतं. दाबलं तरी ग्वेनोलने पाय ओढला नाही. त्याने चहा घेतला, भाकरीही घेतली, आणि थोडं थोडं करून पळवा म्हणाला. तेग्वेनने त्याचं तेही ऐकलं. आधी सपाट कुरणात, मग चढावर, मग उतारावर.

आणि एका पहाटे धुकं वर चढत असताना ती दोर हातात धरून एलिसच्या शेतात उभी राहिली. तो कोकरांच्या वाड्याशी बंदूक घेऊन बसला होता.

"मी मागितलं नाही," तो म्हणाला.

"मीही विचारायला आले नाही."

पलीकडच्या झाडोऱ्यातून काहीतरी तांबूस सरकलं. ग्वेनोलचे कान उभे राहिले, अंग ताठ झालं. तेग्वेनने गाठ सोडली. कुत्री क्षणभर तिच्या कमरेकडे बघत राहिली, दोर खरंच सुटलाय का म्हणून. मग तीच सुटली. दगडी बांध आला, आणि पाकोळी वरून गेली.

एलिस उठून उभा राहिला. बंदूक गवतातच पडून होती.

"कुठल्या पायाचं बोट होतं ते?" त्याने विचारलं.

"ओळखा," तेग्वेन म्हणाली.