ए विंगचा खुंटा

तेहतीस किलो वजन उतरवून माणूस पहिल्यापेक्षा दुप्पट ताकदवान होतो, हे तुम्हाला पटायचं नाही. कुणालाच पटत नाही. म्हणून तर गुणाजी पेडणेकर ते रोज नव्याने सांगायचा.

मालाडच्या त्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण आणि मधल्या वेळात ए विंग विरुद्ध बी विंग रस्सीखेच. एकोणीस वर्षं ए विंगच्या दोराचं शेवटचं टोक गुणाजीच्या कमरेला. त्याला खुंटाच म्हणत. एकशेचार किलोचा खुंटा. मग डॉक्टरने रक्तातली साखर दाखवली, आणि गुणाजीने सात महिने दुधीच्या रसावर काढले. भात बंद, डाळ बंद, अंडं बंद, मालवणी माणूस असून बांगड्याकडे पाठ. आता एकाहत्तर. जुन्या विजारीत दुसरा गुणाजी मावला असता. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून तो लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचायचा, दम लागला असं कुणी म्हणू नये म्हणून.

खुंट्याची जागा मात्र त्याला सोडायची नव्हती. वर्षातून एकदा बायको, मुलगी आणि अख्खी विंग त्याच्या नावाने ओरडायची ती तिथेच. एरवी त्याच्या नावाने फक्त वनमालाच ओरडे, तेही गिझर चालू राहिला की.

आणि त्या जागेवर डोळा कुणाचा? तर मार्तंड साठ्येचा!

गुणाजीच्या लेखी मार्तंड म्हणजे वजन उतरवणाऱ्या जमातीला कलंक. दीड वर्षात अकरा किलो! एवढं तर गुणाजीचं पहिल्या महिन्यातच झडलं होतं. बरं, उपाशी राहावं, तर तेही नाही. दोन्ही वेळा वरण, सकाळी मोडाची मटकी, वर दोन अंडी, साठ्ये असून! आणि रोज पाठीवर तांदळाची गोणी घेऊन जिना चढायचा-उतरायचा. बँकेत मॅनेजर होता म्हणे. हमाल कुठला! त्याच्या दंडाच्या बेटकुळ्या पाहिल्या की गुणाजीला शिसारी यायची.

पंचवीस तारखेला संध्याकाळी गच्चीवर संघ ठरत होता. यादी कप्तान सुयोगच्या हातात.

"गुणाजीकाका, या वर्षी मागे मार्तंडकाकांना ठेवूया ना," सुयोग म्हणाला. "तुम्ही शिट्टी वाजवा."

"शिट्टी? अरे, चरबी गेली म्हणजे ताकद गेली काय? उलट कढवलेल्या तुपासारखी झालीय. शुद्ध!"

"चरबीबरोबर स्नायूपण झिजतात रे, नुसता रस प्यायलास की," मार्तंड म्हणाला. "जरा डाळ-उसळ खा, चार बैठका मार. येईल परत."

"गोणीवाल्या, तुझं प्रवचन उद्या पूजेनंतर. प्रसादाबरोबर खपेल."

वनमालाने कपाळाला हात लावला. शेजारी त्यांची मुलगी दिशा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली.

सुयोगचं पेन मार्तंडच्या नावाकडे वळलेलं पाहिलं आणि गुणाजी उभाच राहिला.

"रविवारी पहाटे गेटासमोर पाण्याचा टँकर खड्ड्यात रुतला होता. होता ना? आणि तुम्ही उठलात तेव्हा नव्हता. कुणी काढला?"

गुणाजीने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"मी. एकट्याने. भरलेला! कमरेला दोर बांधला, टाच रोवली आणि एकच हिसका."

"आणि ड्रायव्हर, पप्पा?" दिशाने मान वर न करता विचारलं.

"आत झोपलेला. मी उठवला नाही. गरीब माणूस, रात्रभर जागलेला."

पोरं हसली, पण सुयोगचं पेन थबकलं. हे गुणाजीने हेरलं आणि टँकरच्या मागे लगेच एक रिक्षा जोडली.

"तीन पॅसेंजर धरून! रस्त्याचं डांबर सोलून आलं माझ्या टाचेखाली. पाणी एक थेंब सांडलं असेल तर नाव बदला माझं. आणि या साठ्येला म्हणावं, गोणी वाहतोस, टँकर ओढून दाखव!"

सुयोगने एकदा मार्तंडकडे पाहिलं, एकदा गुणाजीकडे, आणि यादीत शेवटच्या ओळीवर पेन टेकवून 'गु' लिहिला.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून वॉचमन धाकू बाहेर आला. पंप बंद करायला आला होता.

"काकानू, खोटा कित्याक सांगतास?" तो म्हणाला. "टँकर क्रेनीन काढलो. तुमी नुसतो दोर उचलूक गेलास आणि तुमका भोवळ इली, म्हणान मीच तुमका माझ्या खुर्चेर बसयलंय!"