खिडकीजवळची जागा

मी खुर्ची बोलतेय. शिवणखान्यातली, पाठ असलेली एकुलती एक. बाकी सगळी स्टुलं. त्यामुळे मला जरा तोरा होता, खोटं कशाला सांगू?

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला केलं. एक पाय अंमळ आखूड राहिला. त्याखाली चिंधीची घडी सरकवली की मी बरी उभी राहते. पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी माझी जागा. उजेड भरपूर, अधूनमधून झुळूक. खाली बसथांबा. गाड्या लागायच्या आणि इंजिनं घुरघुरत ठेवून चालक चहाला जायचे.

माझ्यावर मावशी बसायच्या. कापड बेतणं हे त्यांचं काम, आणि सगळ्यांवर डाफरणं ही हौस. ती जागा त्यांनी कधी मालकालाही दिली नाही.

मग छोटी आली. काजंबटणं करायची. वयाने सगळ्यांत लहान म्हणून छोटी. लग्नाला वर्ष होत आलं होतं. एकदा उठता उठता तिने टेबल धरलं.

"काय गं, अंधारी आली?" मावशींनी कात्री खाली ठेवली.

"काही नाही, सकाळी नीट खाल्लं नव्हतं."

"आणि पाळी?"

छोटी कानापर्यंत लाल. "चार दिवस वर झालेत. तेवढं होतं कधीकधी."

"होतं हो होतं! आम्ही काय आभाळातून पडलो? ऊठ त्या स्टुलावरून. इथं बस, मोकळी हवा लागेल."

मशीनं थांबली. मावशींनी जागा सोडली! "पाऊस पडणार आज," कुणीतरी मागून म्हणालं, आणि मावशींनी टेप फेकून मारली.

छोटी बसायची पाठ टेकून, तोंड खिडकीकडे करून. उमासे आले की आणखी पुढे वाकून खोल श्वास घ्यायची. मला वाटायचं, चला, आपल्या हातून काहीतरी चांगलं होतंय. खुर्चीला अक्कल ती किती असणार! अंगावरचं वजन वाढलंय हे मला कळलं तेव्हा पाचवा महिना होता. बाळाचं हृदय त्याच्या कितीतरी आधी घडून गेलं होतं.

बाळंतपणाला ती गेली. मी रिकामी. मावशी माझ्यावर बसल्या नाहीत. "ती येईल," म्हणायच्या आणि स्टुलावर कंबर धरून कापड बेतायच्या.

ती आली, लेकीला घेऊन. माझ्यावर बसून पाजायला लागली. पोर दोन घोट घ्यायची, दमायची, कपाळाला घाम फुटायचा. पुन्हा दोन घोट.

"अशी का करते गं?" मावशींचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी.

"हृदयाला भोक आहे तिच्या. मोठं आहे. थोडं वजन भरलं की ऑपरेशन." छोटीने पदराने तिचं कपाळ टिपलं. "मी डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं, माझं काय चुकलं? काय खाल्लं, काय उचललं? त्या म्हणाल्या, तसलं काही नाही. मग त्यांनीच विचारलं, बसता कुठं?"

छोटीने खिडकीखालच्या बसथांब्याकडे मान वळवली.

"दिवस राहायच्या सुमारास आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत धूर फार गेला पोटात, तर असल्या व्यंगाचा धोका वाढतो म्हणाल्या. पण हिला त्यानंच झालं, असं छातीठोक कुणी नाही सांगू शकत."

मावशींनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं; ते काळं झालं. "पांढरं कापड आलं की मी ही खिडकी लावून घेते," त्या म्हणाल्या. "काजळी बसते म्हणून. दर वेळी, न चुकता. कापडाचं कळलं मला. आणि तुला म्हटलं, इथं बस."

"हवा काय तुमच्या घरची होती का, मावशी?" छोटी हसायला गेली. जमलं नाही तिला. मावशींनी हात पुढे केले, तेव्हा तिने पोर त्यांच्याकडे दिली मात्र.

आता मी आतल्या भिंतीशी असते. खिडकी बंद असते, फटींतून यायचं ते येतंच. ऑपरेशन अजून व्हायचंय; वजन भरत नाही. छोटी पोरीपाशी घरीच असते; तिचा निरोप आला की सगळ्याजणी आधी मावशींच्या तोंडाकडे बघतात.

मावशी मधेच कात्री टाकून जिना उतरतात. मला इथून खालचे आवाज तेवढे ऐकू येतात.

"गाडी उभी आहे ना? मग इंजिन कशाला चालू?"

"निघायचंच आहे, काकू."

"निघशील तेव्हा चालू कर. वर बायका आहेत."

काही जण बंद करतात. काही जण हसतात. मग त्या खोकत वर येतात, खोकला थांबेपर्यंत माझ्यावर बसतात आणि पुन्हा कामाला लागतात.

मला जिना उतरता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. कुणाच्या खिडकीखाली गाडी उभी केलीत, तर इंजिन बंद करा. वर कुणी बसलेली असेल. तिला दिवस गेलेत, हे अजून तिलाही माहीत नसेल.