हक्काचा ओरडा

"हे काय करून ठेवलंय? बटणं कुठल्या बाजूला आहेत?"

नवा कोट अंगात घालून मुख्याध्यापिकाबाई शिंप्याच्या दुकानातल्या आरशासमोर उभ्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. बायकांच्या कोटाला काजं उजव्या बाजूला करतात, पुरुषांच्या डाव्या. बाईंच्या लोकरी कोटाला पाचही काजं डावीकडे होती. कामात मात्र अगदी रेखीव.

काजं-बटणं हे दुकानात काम करणाऱ्या ताईंचं काम. सुई दंडावर खोचून त्या पुढे आल्या. "चूक माझी आहे. काजं मी केलीत."

"लक्ष कुठे होतं तुमचं?"

"नातीचा पहिला दात पडलाय. तेच डोक्यात होतं."

"दात नातीचा पडला आणि कोट माझा वाया! एवढी वर्षं काम करता, डावं-उजवं कळत नाही? माझ्या शाळेत असतात तर दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं असतं!"

ताई मान खाली घालून ऐकत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. बोलणी खाऊन बरं वाटणारं माणूस विरळाच, पण ताईंना कुणी एक शब्द वाकडा बोलून जमाना झाला होता. बाई आणखी काय म्हणतात याची त्या वाटच पाहत होत्या, तेवढ्यात आरशात त्यांना दुकानाचे मालक, शिंपी मास्तर दिसले. ताईंच्या पाठीमागून ते बाईंना खुणावत होते. एक बोट कपाळाशी गोल फिरवलं आणि मग दोन्ही हात जोडले.

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "असू दे हं, असू दे," त्या म्हणाल्या, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं. "काही होत नाही. तुम्ही बसा, पाणी प्या." कोट काढून टेबलावर ठेवला आणि ताईंना जरा लांबून वळसा घालून त्या निघून गेल्या.

मुलगा शाळेत होता तेव्हा ताई तीन महिने मनाच्या आजाराच्या इस्पितळात होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या. रोजची एक गोळी सोडली तर आजारातलं काही उरलं नाही. जे उरलं ते लोकांकडे. ताई मोठ्याने हसल्या की घरातले एकमेकांकडे बघायचे. दूध नासलं म्हणून चिडल्या की मुलगा हळूच विचारायचा, "आई, गोळी घेतलीस ना?" सिनेमा बघताना रडू आलं तरी तेच. शेवटी ताईंनी हसणं, रडणं, चिडणं सगळंच मंद आचेवर ठेवलं. इतकं, की आपला स्वभाव मुळात तापट होता की गोड, हे त्यांनाच आठवेना. आणि विचारणार कुणाला?

मास्तर तसे तोंडाचे फटकळ. दुकानातल्या इस्त्रीवाल्याशी त्यांचं दिवसभर वाजायचं आणि संध्याकाळी दोघं एका ताटलीतली बिस्किटं खायचे. ताईंशी मात्र ते आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं बोलत. ताईंना कुणी काम देत नव्हतं तेव्हा त्यांनीच दिलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

बाई जाताच मास्तरांनी एक फोन केला आणि तो खाली ठेवला. "तुमच्या मुलाला बोलावलंय. घरी जा, आराम करा. चार दिवस नाही आलात तरी चालेल."

"मी आजारी नाही, मास्तर. माझं चुकलंय."

"तेच ते. तब्येतीमुळे होतं असं."

"तब्येतीमुळे नाही, हलगर्जीपणामुळे!" ताईंचा आवाज चढला. सवयीने तो खाली आणायला त्या क्षणभर थांबल्या, आणि मग आणलाच नाही. "काल इस्त्रीवाल्याने पॅन्ट जाळली तेव्हा त्याला काय बोललात?"

"त्याचं काय मध्येच?"

"गाढवा, डोळे घरी ठेवून आलास का, म्हणाले," कोपऱ्यातून इस्त्रीवाल्यानेच सांगितलं.

"मग मला का नाही?" ताई म्हणाल्या. "एक साधी चूकसुद्धा माझी मला करू देणार नाही का तुम्ही? ओरडा माझ्यावर."

मास्तर कात्रीशी चाळा करत राहिले. "ताई... जरा लक्ष देत जा," ते पुटपुटले.

"एवढ्याने माशीसुद्धा उठायची नाही," इस्त्रीवाला म्हणाला.

"तू गप रे, गाढवा!" मास्तर कडाडले आणि त्याच झपाट्यात ताईंकडे वळले. "आणि तुम्ही! पाच काजं! एक झाल्यावर कळलं नाही? कापलेलं काज बुजवता येतं का? आता पुढचा अख्खा भाग नव्याने करायचा, तो काय माझा बाप करणार? आणि तो चहाचा कप! मशीनवर ठेवू नका, ठेवू नका, मनातल्या मनात ओरडून घसा बसला माझा!"

"मशीनवर इस्त्रीवाला ठेवतो. मी खिडकीत ठेवते."

"म्हणून खिडकीत मुंग्या होतात!"

"मुंग्या तुमच्या बिस्किटांना होतात!"

त्याच वेळी मुलगा धापा टाकत आत आला. "मास्तर! आईवर ओरडताय? तुम्हाला माहितीये ना, तिचं..."

"तू मध्ये पडू नकोस," ताई म्हणाल्या. "आमचं कामाचं चाललंय."

त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या, सगळं एकदमच. मुलाने तोंड उघडलं. नेहमीचा प्रश्न जिभेवर आलाच होता. ताई त्याच्याकडे बघत थांबल्या. मास्तरही थांबले.

मुलगा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. मग चाचरत म्हणाला, "घरीसुद्धा ती कप खिडकीतच ठेवते. रोज मी उचलतो. वैताग आलाय मला."

ताईंनी टेबलावरचा कोट ओढून घेतला आणि शिवण उसवायला बसल्या.

"तू घरी चल," मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग बघते तुझ्याकडे."