भोक बुजलं म्हणे

त्या दिवशी सकाळी ताईने यंत्राचं झाकण उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आतली ओल शोषून घ्यायला ठेवलेले निळे खडे पार गुलाबी पडले होते. म्हणजे त्यांचं पोट कधीच भरलं होतं आणि उरलेली ओल खुशाल भिंगांवर जाऊन बसली होती. तिने कपाटातला चाचणीचा दिवा काढला. या दिव्याचा उजेड बदलत नाही, म्हणून आकडा बदलला तर खोट यंत्रात. आणि आकडा बदलला होता, चांगलाच बदलला होता.

म्हणजे आभाळाला काही झालंच नव्हतं.

वेधशाळेच्या गच्चीवर सूर्याकडे यंत्र रोखायचं आणि आपल्या डोक्यावर ओझोनचा थर किती आहे ते मोजायचं, हे ताईचं काम. वर्षानुवर्षं तिला त्याबद्दल कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. मग आकडे घसरायला लागले. तिने साहेबांना सांगितलं, साहेबांनी रेडिओवाल्यांना सांगितलं, आणि बघता बघता सगळ्या गावाने ते उचलून धरलं. आभाळाला भोक पडलं! अहो, भोक नाही, थर विरळ झालाय, म्हणून ताई घसा कोरडा करत होती, पण ऐकतंय कोण! उपग्रहाचे आकडे मात्र नेहमीसारखेच येत होते. तेव्हा "तो लांबून बघतो, मी इथून बघते," असं हीच बाई ठणकावून बोलली होती. आणि मुलाखतींच्या त्या धबडग्यात खडे बघायचे राहिले, दिवा लावायचा राहिला. एवढी साधी गोष्ट, नवशिक्याचीही चुकायची नाही.

पण तिला रडू येत होतं ते या चुकीपायी नाही. रडू येत होतं धाकट्या भावासाठी.

बाळ्या छपरांवर डांबर लावायच्या कामावर होता. बापही तेच करायचा. बापाच्या मानेवर एक काळा डाग आला, वाढला आणि बापाला घेऊन गेला. मागच्या हिवाळ्यात बाळ्याच्या कानामागे तसाच डाग निघाला. डॉक्टरांनी तो कापून तपासायला पाठवला आणि सांगितलं, रोग तोच आहे, फक्त वेळेत सापडलाय. यापुढे उघड्या अंगाने उन्हात जायचं नाही; जावंच लागलं तर अंगभर कपडे आणि मोठी टोपी. बाहेर आल्या आल्या बाळ्याने बहिणीलाच दम भरला, "कुणाला बोललीस तर तुझं तोंड बघणार नाही!" आणि जखम भरताच गडी पुन्हा बनियनवर छपरावर. ताई रागावली, रडली, बापाची शपथ घालून झाली. हा ढिम्म. शेवटी तिने हात टेकले.

आणि मग ते भोक पडलं. भाजीवाली, पोस्टमन, शाळेतली पोरं, सगळं गाव टोपीखाली गेलं. बाळ्याचा मुकादमसुद्धा लांब बाह्यांचा सदरा घालून फिरायला लागला. एक दिवस ताईने रस्त्यातून सहज वर पाहिलं तर काय, बाळ्याच्या डोक्यावर सुपाएवढी टोपी आणि मानेभोवती रुमाल! भर रस्त्यात उभी राहून ती हसत सुटली आणि डोळे पुसत राहिली. त्या दिवसापासून तिला झोप लागत होती.

आता साहेबांनी गुलाबी खडे पाहिले आणि आधी दार लावून घेतलं. "आकडे गुपचूप दुरुस्त करू. बोभाटा कशाला? लोक टोप्या घालतायत तर घालू देत की. कुणाचं वाईट होतंय त्यात?"

कुणाचंच होत नव्हतं. ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं, हो म्हणावं आणि गप्प बसावं. बाळ्याची ती टोपी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"पण साहेब, उद्या खरंच थर विरळ झाला तर? मग आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"आज खरं सांगितलंत तर ठेवतील वाटतं?" साहेब म्हणाले.

तरी ती संध्याकाळी रेडिओवर गेली. यंत्रात ओल गेली होती, चूक माझी आहे, थर होता तसाच आहे, असं तिने सांगून टाकलं. पुढे ती अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, "पण ऊन आधीही वाईटच होतं हो, टोप्या काढू नका!" लोकांनी पहिलं तेवढं ऐकलं आणि रेडिओ बंद केला. सकाळी दूधवाला दारातच म्हणाला, "काय ताई, अख्ख्या गावाला टोपी घातलीत की! भोक बुजलं म्हणे?"

ताई तशीच धावत बाळ्याच्या कामावर गेली. तो वर उघड्या डोक्याने, बनियनवर, उकळत्या डांबराशी वाकलेला. जन्मात कधी शिडी न चढलेली बाई धडपडत छपरावर पोचली.

"टोपी कुठाय तुझी?"

"तूच सांगितलंस ना, काही झालेलं नाही."

"आभाळाला झालेलं नाही रे! तुला झालंय!"

"हळू बोल!" त्याने दचकून खाली मुकादमाकडे पाहिलं.

"ऐकू दे त्याला!"

"आणि उद्या मला कामावर कोण ठेवेल? बाबांचं काय झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. मी एकट्यानेच असा गुंडाळून आलो तर त्याला कळायला कितीसा वेळ लागेल? हे छप्पर सोडलं तर मला काय येतं गं?"

"मग इतके दिवस घातलीस ती?"

"इतके दिवस सगळ्यांनीच घातली होती." बाळ्या तिच्याकडे बघेना. "मला वाटलं, तू मुद्दामच केलंस. माझ्यापायी सगळ्या गावाशी खोटं बोललीस. रोज सकाळी टोपी घालताना मनात म्हणायचो, बहीण असावी तर अशी."

खालून मुकादम ओरडला, डांबर गार होतंय. बाळ्याने बादली उचलली आणि तो छपराच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात गेला.