कपाटातले तेवीस डबे

"आजपण डाळ-भातच?" मी ताटाकडे बघत म्हणालो.

"पचायला हलका असतो," बायको म्हणाली.

"अगं, आठ दिवस हलकंच खातोय. आता पंखा लावलास तर उडून जाईन मी."

एरवी अशा बोलण्यावर ती मला चांगलं फैलावर घेते. त्या दिवशी ती नुसतीच भात कालवत राहिली. मीही मग चिडून दोन घास कमीच खाल्ले. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, आणि निवृत्त माणसाला दुपारच्या जेवणाशिवाय दुसरं वाट बघण्यासारखं असतं तरी काय?

आधी माझ्याबद्दल सांगतो. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, सगळं कप्प्याकप्प्यांत, आणि प्रत्येक कप्प्याला त्याचं बिनकार्ड टांगलेलं. आत काय, किती, कधी आलं, सगळं त्यावर. कामगार मला 'बिनकार्ड'च म्हणायचे, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं. माझ्या स्टोअरमध्ये वॉशर हरवला असं कधी झालं नाही.

आणि असल्या माणसाच्या घरात स्वयंपाकघराचं ते कपाट! साठवणीचे तेवीस डबे, पण एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. दूध पावडरचा पोचा आलेला डबा, तारेची कडी लावलेला तेलाचा डबा, बुचाची बाटली, झाकण वाकडं झालेला बिस्किटांचा डबा. एकावरही नाव नाही. त्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी ती आठवडाभर लेकीकडे गेली तेव्हा मी डाव साधला. सारख्या मापाच्या चौकोनी बरण्या आणल्या, सगळं त्यांत भरलं, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आणि अकारविल्हे लावून टाकलं. मटार, मसूर, मिरी, मीठ, मैदा एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारखे. जुने डबे भंगारवाल्याच्या गाडीवर घातले.

ती परत आली, कपाट उघडलं, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "छान केलंत," म्हणाली. बस्स, एवढंच. इतक्या कामाला एवढीच पावती! माझं तोंड दोन दिवस फुगलेलं होतं.

तर त्या डाळ-भाताच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी नेहमीसारखा वाचनालयात निघालो. तिथला माणूस आजारी म्हणून दाराला कुलूप. दहा मिनिटांत घरी परतलो. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलो आणि तिथेच थांबलो.

बायको जमिनीवर बसली होती आणि तिच्याभोवती सगळ्या बरण्या. एक उचलायची, झाकण काढायचं, वास घ्यायचा, चिमूट जिभेवर ठेवायची, बाजूला सारायची. मग दुसरी. मिरीपूड नाकात गेली तशी चार वेळा शिंकली. एक बरणी कानाजवळ नेऊन हलवली आणि लगेच डावीकडे ठेवली. ती तांदळाची. दुसरी हलवली, ती डाळीची. आवाजावरून ओळखू येत होत्या त्या एवढ्या दोनच. मग तिने आणखी एक मांडीवर घेतली आणि माझ्या सुवाच्य अक्षरांवरून अंगठा फिरवत बसली.

"उलटी धरलीयेस," मी म्हणालो.

ती केवढी दचकली! "कधीपासून उभे आहात?"

"काय शोधतेयस?"

"मटार," ती म्हणाली. "काल रुसलात ना जेवताना. म्हटलं, भिजत घालावेत आज."

मी खाली तिच्यासमोर बसलो. माझ्याकडे बघ, म्हणालो. तिने मान जराशी वळवली, आणि मला एकदम लक्षात आलं की गेले कित्येक दिवस ती माझ्याकडे अशीच तिरकी बघते. मला वाटायचं, चिडलेली आहे.

"माझा चेहरा दिसतो तुला?"

"मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय," ती म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. तुमचे कान दिसतात. ते तसेही मोठेच आहेत."

"किती दिवस झाले?"

"वर्ष. जास्तच."

"आणि वर्षभर स्वयंपाक कसा केलास?"

"डब्यांनी केला," ती अगदी सहज म्हणाली. "पोचा लागला की साखर. तारेची कडी म्हणजे मटार. वाकडं झाकण म्हणजे कणीक. एवढ्या वर्षांचे डबे, हातांना पाठ होते. बरण्या सगळ्या सारख्या, हो. हात फिरवला की नुसता चौकोन लागतो."

चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आणि घरातल्या स्टोअरकीपरला एका आठवड्यात कामावरून काढून मोकळा झालो होतो.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर लेक धावत आली असती. मला उचलून खिडकीतल्या खुर्चीत बसवलं असतं आणि स्वयंपाकाला बाई लावली असती. मग मी दिवसभर काय करू? तुमचे कान बघत बसू?" ती हसली आणि मांडीवरची बरणी माझ्या हातात दिली. "परवा रविवार. लेक, जावई, दोन्ही नातवंडं, चौघंही येतील जेवायला. तेवढ्यात माझं कपाट मला परत द्या. दुसरं काही नको मला."

दुपारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत यायची नाही, पण उरलेली बहुतेक राहील, असं ते म्हणाले. घरातली सवयीची कामं खुशाल करू द्या, हेही म्हणाले. ते ऐकून ती खुर्चीतून अशी उठली, जणू परीक्षेत पास झाली.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याचं दुकान गाठलं. "काका, पत्रा चेपून गेलासुद्धा," तो म्हणाला. तरी ढिगात तासभर हात घातला. चार डबे मिळाले, त्यातला एक आमचा नव्हताच.

घरी येऊन मी तोडगा काढला. तांदळाला एक रबर, डाळीला दोन, साखरेला तीन. "रबरं मोजत बसले तर फोडणी जळेल," ती म्हणाली. "माणसं काय मोजून ओळखतो का आपण?" मग हाताला वेगवेगळे लागतील असे डबे शोधायला अख्खं घर उलथंपालथं केलं. चहाचा नक्षीदार डबा, जावयाने आणलेल्या खाऊचा गोल डबा, माझा कारखान्यात नेण्याचा जुना डबा. शेजारच्या टेलरबाईंनी बटणांच्या दोन बरण्या रिकाम्या करून दिल्या. तरी मिठाला काही मिळेना. शेवटी मी शोकेसमधला कारखान्याने निरोपाला दिलेला चषक काढला आणि त्यावर ताटली झाकली. तिने दोन्ही बाजूंच्या कड्या चाचपल्या.

"हा बरा. तुमच्यासारखाच. कान लगेच हाताला लागतात."

ती सांगत गेली आणि मी भरत गेलो. रोज लागणारं शेगडीजवळ हाताशी, जुनं पुढे, नवं मागे. मटार रात्री भिजले की उद्या रस्सा, उरला की परवा कणकेत मळून पराठे. टोमॅटो स्वस्त असतात तेव्हा वाळवून ठेवायचे, म्हणजे महाग झाल्यावर अडत नाही. एकेक ऐकत होतो आणि मला ते पाच महिने आठवले. मध्ये एकदा कारखाना तेवढा काळ बंद पडला होता, लेक शाळेत होती. त्या पाच महिन्यांत 'आज घरात काही नाही' हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं. ताट पुढे यायचं, मी जेवायचो आणि कारखान्याच्या काळजीत हात धुवायचो. कुठून येतं हे विचारायचं सुचलंदेखील नाही. बस कंडक्टरचेसुद्धा आभार मानणारा माणूस मी!

"तू होतीस म्हणून तगलो आम्ही," मी म्हणालो. "कधी बोललो नाही. फार उपकार आहेत गं तुझे."

"ताप आलाय का?" तिने माझ्या कपाळाला हात लावला. थोडं चुकून तो भुवईवर पडला, आणि तिने तो काही वेळ तिथेच ठेवला.

रविवारी मटार-बटाट्याचा रस्सा झाला, गरम पोळ्या झाल्या, वाळवलेल्या टोमॅटोचं आंबटगोड तोंडीलावणं झालं. पोरांसाठी दूध पावडर घालून शिजवलेला गोड भात. जावयाने रस्सा तीनदा घेतला. मी मात्र प्रत्येक घासाला बायकोच्या हाताकडे बघत होतो. काही सांडलं नाही, काही चुकलं नाही.

जेवणं झाल्यावर लेक उठली. "आई, तू बस. चहा मी टाकते." तिने कपाट उघडलं आणि आतून ओरडली, "बाबा, हे काय गबाळ? फोनवर तर केवढ्या फुशारक्या मारत होतात, नावं लावली म्हणून! आणि या चषकात मीठ?"

मी उठून तिथे गेलो. काहीतरी थाप मारायच्या बेतात होतो, तोवर बायको माझ्या मागून आली.

"मला नीट दिसत नाही गं," ती लेकीला म्हणाली. "वाचता येत नाही. बाबांनी माझ्या हातांसाठी लावलंय हे. आजचं सगळं मीच केलं, बरं का."

लेक तिच्याकडे वळली. डोळे भरून आले, तोंड उघडलं. आता हिचं सुरू होणार, खुर्ची, बाई, सगळं, असं मला वाटलं. तिचा हात शेगडीच्या बटणावर होता. तिने एकदा ओट्यावरच्या रिकाम्या झालेल्या रस्स्याच्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग तिने हात काढून घेतला आणि शेगडीपासून बाजूला झाली.

"मग चहा तूच टाक आई," ती म्हणाली, आणि नाक पुसत दाराजवळच्या स्टुलावर बसली. "मला साखर जरा जास्त."